उष्टावणाचं पाकीट

—नाही काका, ती काळी आत्ताच नको, ती शेवटाला. ती एकदा तोंडात गेली की पुढचं सगळं पाण्यासारखं लागतंय. आधी ही गव्हाची घ्या, मग आमची नाचणीची, आणि पलीकडं त्या बाईंची जांभळाची वाईन आहे ना, ती अगदी घरी निघताना. मधे मधे साधं पाणी आणि हा खाऱ्या बिस्किटाचा तुकडा — सरी? कळलं ना? इथं सगळे उलटं करतात. आल्या आल्या वाईन, त्यावर काळी बिअर, आणि मग माझ्यापुढं उभं राहून म्हणायचं, तुमच्या नाचणीला चवच नाही. कशी असेल? तुम्ही मघाशी जावईबापूंना 'मला थोडीच सांग रे' म्हटलात ना, तेव्हाच ओळखलं मी, मराठी माणूस. इथंच राहता, येलहंकात? विमानाच्या कारखान्यात होता — हां, म्हणजे आता रिटायर. मग बसा की ह्या स्टुलावर, उभ्यानं पाय दुखतील. मला काय, कुणाशी तरी बोलायचंच आहे. आमचा शिवकुमार जेवायला गेलाय, तो आला की मी सुटलो. तीन वाजता निघणार होतो, आता साडेतीन होत आले. साडेपाचला मला इलेक्ट्रॉनिक सिटीत घरी पोचायचंय — तुम्हाला माहीतच आहे, बेंगळुराच्या ह्या टोकापासनं त्या टोकाला. पोचेन. फ्लायओव्हर मोकळा मिळाला तर पोचेन.

घ्या, ही नाचणीची. नुसती प्यायची नाही, आधी वास घ्या. कसला येतोय? — बरोबर. भाजलेल्या नाचणीचा. म्हणजे तुमच्या घरीही बाळांना सत्व करत होते. ह्या वाडग्यातले चार दाणे तोंडात टाका, चावा. गोड लागतात ना? साखर नाही घातलेली, ती दाण्याचीच गोडी, मोड आल्यावर सुटते. बिअर म्हणजे तेवढंच की ओ — धान्याला मोड आणायचे, ते वाळवायचे, भाजायचे, भरडून गरम पाण्यात त्याची गोडी उतरवायची आणि ते पाणी आंबवायचं. बाकी सगळं मशीन करतंय, मोड तेवढे मशीनला जमत नाहीत. नाचणीचे तर नाहीतच — दाणा बारीक, जरा ऊब जास्त झाली की आंबूस वास, जरा कमी झाली की बुरशी. पहिले दोन घाणे मी आख्खे ओतून दिलेत. आज ह्या ग्राऊंडवर चाळीस स्टॉल आहेत, पण नाचणीची बिअर दुसऱ्या कुणाकडं नाही. आजच्या पेपरच्या पुरवणीतसुद्धा आलंय, हे बघा, इथं चिकटवलंय — अर्धं पान, फोटोसकट.

फोटोतली बाई? तीच ती, ह्या मागच्या बॅनरवरची. मॉडेल आहे. म्हैसूरकडची कुणीतरी, कंपनीनंच आणली होती, मला काही — छान आलाय ना फोटो? डोक्यावरनं पदर, हात त्या कापडाच्या गाठोड्यावर, आणि बघायलीय ती आपल्याकडं नाही, गाठोड्याकडं. बाजूचा ग्लास नंतर कॉम्प्युटरवर चिकटवलाय. नाव 'कस्तुरी'. बिअरचं नाव हो, बिअरचं. लोक म्हणतात, कस्तुरी म्हणजे कन्नडच ना. असेल. आमचे मालक विराज, त्यांना तेच आवडलं, इकडचंही वाटतंय आणि तिकडचंही.

ही बादली? ती थुंकायची. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. आता बघा, मी पण तुमच्याबरोबर एक घोट घेतो, असा तोंडात फिरवतो, आणि — झालं. चव घेणारे सगळेच थुंकतात म्हणा, दिवसाला तीस-तीस ग्लास चाखायचे तर गिळून चालेल का? पण माझं तसं नाही. खरं सांगायचं तर चार वर्षं मी ह्या धंद्यात आहे, माझ्या हाताखालनं किती टाक्या भरल्या आणि रिकाम्या झाल्या, पण एक घोट घशाखाली गेलेला नाही. शपथ आहे. हसू नका, खरंच शपथ आहे. वडलांच्या तेराव्याला आईनं माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, म्हण, ह्यातला थेंब घशाखाली उतरवणार नाही. मी सतरा वर्षांचा. म्हटलं. आणि पाळलंय की. घशाखाली उतरवणार नाही म्हटलं होतं, तोंडात घेणार नाही असं थोडंच म्हटलं होतं? — तुम्ही असं बघायलाय म्हणजे तुम्हाला ते पटलेलं नाही. मलाही अंथरुणावर पडलो की पटत नाही. कामावर आलो की पटतंय.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं, रानातलं. उतारावर सगळी नाचणी. वडील गुंडो — गावात कुणालाही विचारा, गुंडोला एकदा तरी उचलून घरी आणला नाही असा माणूस नाही. तेव्हा ती सारायी मिळायची, गावठी, प्लास्टिकच्या पाकिटातली. दातानं कोपरा फाडायचा की झालं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि एक दिवस ओढ्याच्या काठाला बसल्या बसल्या गेले. आई रडली नाही. तेरावं झालं, माझी शपथ झाली, आणि चौदाव्या दिवशी ती गल्लीतल्या पाच बायकांना घेऊन दुकानापुढं जाऊन बसली. नुसती बसली. घोषणा नाहीत, काही नाही. सगळ्याजणी सुपं घेऊन गेल्या होत्या, तिथंच बसून नाचणी निवडायच्या, दिवस मावळला की उठायच्या, सकाळी परत. पिणाऱ्याला आपल्याच बायकोला, वहिनीला ओलांडून आत जावं लागायचं. एकवीस दिवसांत दुकान उठलं. पुढं सरकारनं सारायीच बंद केली, पण आमच्याकडं अजून म्हणतात, सरकारच्या आधी कस्तुराबाईनं बंद केली.

हो. कस्तुराबाई. — आता परत बॅनरकडं बघू नका काका, लोक बघायलेत. हो, आईच आहे ती. मॉडेलबिडेल कोण नाही.

कसं झालं म्हणजे — एका दिवसात काही झालं नाही. धारवाडला बीएस्सी केलं, मग इथं बिस्किटाच्या कंपनीत लागलो, ते आईला माहीत होतं, गावभर सांगायची, आमचा हरी बिस्किटं करतोय. चार वर्षांपूर्वी विराजनी इकडं बोलावलं. तिला सांगायचं राहून गेलं. खोटं नव्हे हां, नुसतं राहून गेलं — खाण्यापिण्याच्या कंपनीत आहे म्हटलं की तेवढ्यावर भागायचं. मग ते नाचणीचे मोड बिघडले, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बिघडले असते तर विराजनी नाचणी सोडून दिली असती आणि बहुतेक मलाही, कारण तिथं बाकीचे दोघं परदेशात शिकून आलेले, आणि मी खानापूरचा. गावी फोन लावला. म्हटलं, आई, वीस किलो नाचणीला मोड आणून, वाळवून पाठवशील का. म्हणाली, पाठवते की, कुणासाठी? आता बघा — तिनं कशासाठी विचारलं असतं तर काहीतरी मोघम सांगून मोकळा झालो असतो, कंपनीचा प्रयोग आहे म्हणून. तिनं माणूस विचारला. आणि माझ्या तोंडातनं आलं, बाळांसाठी. लहान बाळांसाठी सत्व काढायलोय आम्ही. अडखळलोसुद्धा नाही. ह्याची मला अजून लाज वाटते, खोटं बोललो त्याच्यापेक्षा जास्त, की अडखळलो नाही.

आणि तिनं जी नाचणी पाठवली ना काका — मी आणखी वीस वर्षं शिकलो तरी तसे मोड काढता येणार नाहीत. रात्री भिजत घालते, सकाळी उपसते, जुन्या धोतरात बांधून टांगते, आणि दर दोन तासांनी हात लावून बघते. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. ऊब वाढली की पाण्याचा हबका. मोड तिळाएवढा झाला की बस, त्याच्यापुढं गेला तर कोंबड्यांना. धोतर कुणाचं म्हणजे? वडलांचंच. घरात दुसरं जुनं सुती कापड कुठलं? तिचं म्हणणं, नव्या कापडात मोड गुदमरतात, आणि गुंडोचं धोतर धुऊन धुऊन कसं मऊ झालंय, जिवंतपणी नाही ते आता कुठं उपयोगी पडायलंय. हे ती फोनवर हसून सांगते. मी पण हसतो.

विसाचे चाळीस झाले, सणासुदीला ऐंशी. ह्या मेळ्यासाठी तर दोनशे किलो लागली. एकटीला कशी जमणार — मग तिनं त्या पाचजणींना हाताशी घेतलं. हो, त्याच. दुकानापुढं बसलेल्या. त्यातली एक आता नाही, तिच्या जागी तिची सून. सहा घरांत सहा गाठोडी टांगलेली, आणि एवढे दिवस कुणी दुसऱ्याच्या रानात कामाला गेली नाही, बेंगळुरातली बाळं थांबलीत म्हणून. मजुरी पाठवली तर आईनं जशीच्या तशी परत धाडली, बाळाच्या घासाची कुणी मजुरी घेतंय का, म्हणाली. आणि पोतं शिवलं की त्याच्या तोंडाशी हळदीकुंकवाचं बोट लावते. आमचा शिवकुमार पोतं फोडायच्या आधी तिथं हात लावून नमस्कार करतोय. त्याला काही माहीत नाही, त्याला वाटतंय आमच्या गावची अशी पद्धत आहे. मी शेजारी उभा असतो, कात्री घेऊन.

फोटो मीच दिला. विराजनी विचारलं, नाव काय ठेवायचं, तर माझ्या तोंडातनं कस्तुरी गेलं. मग म्हणाले, आपल्याला खरे हात पाहिजेत, मॉडेलचे नकोत. माझ्या फोनमध्ये होता, दिवाळीला गावी काढलेला. नाही म्हणता आलं असतं. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. दिला. का दिला, सांगू? तुम्ही मघाशी पहिला घोट घेऊन डोळे मिटलात ना, तसेच लोक डोळे मिटतात आणि विचारतात, हे मोड कुणी काढले हो? चार वर्षं मी म्हणायलोय, आमची खास पद्धत आहे. आमची. आमची कुठली? मला वाटलं, निदान फोटो तरी तिचा राहू दे, कुणीतरी तिच्याकडं बघून छान म्हणू दे. पुण्य म्हणून दिला हो मी तो फोटो — बघा माझी अक्कल.

भीती? नाही हो. भीती ही मी लोकांना सांगायची गोष्ट आहे. गौरीला, माझ्या बायकोला पण तेच सांगितलं — आईला धक्का बसेल, ह्या वयात कशाला तिला त्रास. तिला कसला धक्का बसतोय? नवऱ्याला खांद्यावर घालून आणलंय तिनं, भर पावसात, चिखलातनं. तसलं काही नाही. तिला कळलं तर ती ते गाठोडं सोडेल आणि परत बांधणार नाही, एवढंच. आणि तिची नाचणी गेली की मी कोण? टाक्या धुणारा एक माणूस. आईला जपायला नव्हे, स्वतःला जपायला मी चार वर्षं — हे मी अजून कुणाजवळ बोललो नव्हतो. गौरीजवळसुद्धा नाही. तुमच्याजवळ कसं काय बोललो, कोण जाणे. त्या जांभळाच्या वाईनवाल्या वसुमती अक्का आहेत ना, बघा तिकडं, त्यांच्या शेजारी खुर्चीत बसलेली म्हातारी कोण माहीत आहे? त्यांची सासू. सकाळपासनं बसलीय, येईल त्याला सांगायलीय, जांभळं मी निवडलीत म्हणून. मी आज तिकडं पाठ करून उभा आहे.

घाई कसली म्हणजे — आज उष्टावण आहे. मुलीचं. अमृता, सातवा महिना लागलाय, मुलीचं विषम महिन्यात करतात ना. आई परवाच आलीय गावाहनं. मामा म्हणजे गौरीचा भाऊ अभिजीत, तो हुबळीहनं आलाय, घास तोच घालणार, चांदीची वाटी त्यानंच आणलीय. सगळं झालं. आणि परवा दारात पाय ठेवल्या ठेवल्या आई मला काय म्हणते, पोरीचा पहिला घास तुमच्या कंपनीच्या पाकिटातला. मी म्हटलं, तू ताजी नाचणी आणलीयस की. तर म्हणाली, 'नव्हे. चार वर्षं लोकांच्या बाळांना घातलं, आता आपलीला त्यातलंच. तिला पण त्यांच्या पंक्तीला बसू दे.' इतकी खूश होती ओ ती, हे बोलताना. आता पाकीट मी आणू कुठनं?

आणलं. म्हणजे केलं. काल चिकपेटात गेलो, एका बोळातल्या छपाईच्या दुकानात, आणि लेबल छापून घेतलं — 'बालसत्व', वर एक गुबगुबीत पोरगं, ते त्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्येच होतं. मला एकच पाहिजे होतं. एक कोण छापतंय? कमीत कमी पाचशे म्हणाला. माझ्या स्कूटरच्या डिकीत चारशे नव्व्याण्णव गुबगुबीत पोरं आहेत आत्ता. आणि हे इथं, टेबलाखाली — बघा. ह्या वाडग्यात आहे तीच नाचणी काल दळून भरलीय. खऱ्यासारखं झालंय ना? दुकानात दिसलं असतं तर नातवाला घेतलं असतं की तुम्ही. गौरीनं काल रात्रीच ते बघितलं. आज सकाळी निघताना दारात आली आणि म्हणाली, 'तो घास तिच्या तोंडात जायच्या आधी आईंना सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगणार नाही, पण मी तिथं बसणारही नाही.' बरोबर आहे तिचं. सांगणार आहे मी. घास झाला की सांगतो. — म्हणजे आधी सांगतो, मग घास. फ्लायओव्हरवर ठरवतो. ह्या शिवकुमारला तेवढं येऊ दे, किती जेवतोय हा माणूस.

तोवर ही घ्या, काळी. आता चालेल, आता काही बिघडत नाही. हळू, ही कडू आहे, पण मागाहून गूळ जाळल्यासारखी चव येते बघा. मी पण घेतो तुमच्याबरोबर, दोघांची सुरुवात एकदम. — थांबा, मेसेज आला. गौरीचाच. 'निघालात का. आईंना नाचणी निवडायला खाली पसरायला पेपर पाहिजे होता, रद्दी कालच दिली. मग त्या धनलक्ष्मी अक्कांच्यातनं घेऊन आल्या.' बघा, असं आहे आईचं. दोन दिवस नाही झाले, शेजारी ओळख. कन्नड येतंय ना तिला, खानापूरची असून चांगलं बोलते. आणि पाकीट आणतो म्हटलं तरी हिची निवडानिवड चालूच, रिकामी बसणार नाही. पेपर तेवढा मी आज घरात ठेवला नव्हता — सकाळी दारातनंच उचलला, आख्खा, पिशवीत घातला आणि इकडं घेऊन आलो, त्यातलीच ही पुरवणी. एवढी अक्कल आहे मला, घरात आई असताना ते अर्धं पान — काय? काय म्हणालात काका?

धनलक्ष्मी अक्कांचा. हो. शेजारच्यांचा.

आजचा असेल का? रद्दी त्यांची पण गेलीय, भंगारवाला सगळ्या मजल्यावर एकदमच येतोय. त्यांच्यात पेपर — तोच येतो. एकच माणूस टाकतोय दोन्ही दारांत. नाही, पण त्यात पानं किती असतात, बारा-सोळा, तिनं कुठलं पसरलं असेल काय सांगावं. मेसेज अजून आहे खाली. मी वाचलाच नाही खालचा. 'अर्धा तास झाला, आई पेपरपुढं बसल्यात. नाचणी सुपातच आहे. मी जवळ गेले की सूप पेपरवर ठेवतात. काय झालंय?'

काका, ती काळी मी घेतली ना आत्ता तुमच्याबरोबर? ग्लास तर रिकामा आहे. थुंकलो का मी? बादली ती तिकडं राहिली, स्टुलाच्या पलीकडं. तुम्ही समोरच होता, बघत होता तुम्ही. थुंकलो का, तेवढं सांगा.

गेली म्हणजे. घशाखाली गेली.

अठरा वर्षं — कळलंसुद्धा नाही मला. निदान कळायला तरी पाहिजे होतं.

तिचाच फोन आहे हा. वाजू दे. — नाही, नको, घेतो. हॅलो. हां आई. — हां. — इथंच आहे, कामावर. — हां, ऐकायलोय. — हो. — हो आई, तूच. — आई, मी तुला सांगणारच होतो, मी आज — हां. हां. बरं. — आई?

ठेवला.

ओरडली नाही. काही नाही. तिनं विचारलं, 'हरी, ही बाई मीच नव्हं?' मी हो म्हटलं. काय लिहिलंय ते कुणाकडनं वाचून घेतलं नाही, म्हणाली. बाजूला ग्लास काढलाय तो दिसायलाय, म्हणाली. पाकिटाचं नाव काढलं नाही, पाचजणींचं काढलं नाही, वडलांचं नाही. मला वाटलं, आता म्हणेल गावी जाते, गाडीत बसवून दे. तर म्हणाली, 'आणलेल्या नाचणीचं सत्व शिजवायला ठेवते. पोरीला घालू का नको, ते तू येऊन सांग.' आणि ठेवला.

मी सांगायचं म्हणे. काय सांगू? नाचणी चांगली, मोड चांगले, हात तिचे — घाल म्हणायला काय हरकत आहे? सरळ आहे की. तिची नाचणी कशाला बाटेल, मी काय केलं म्हणून. पण ते तिच्यापुढं बसून मी म्हणायचं, ह्या तोंडानं. तुम्ही जवळ आहात, सांगा बरं, वास येतोय का? खोटं बोलू नका. तिला दारातनंच कळतंय, गावी तर अंगणातनं कळायचं, वडील अजून बाहेर असायचे आणि ती चुलीपासनं उठायची. पाणी नको. पाण्यानं जात नाही, मला माहीत आहे की.

हे पाकीट कुठं टाकू? बादलीत कसं टाकायचं, अन्न आहे. राहू दे. नेतो.

शिवा, आलास? कुठं होतास रे. स्वल्प, जरा इकडं ये, आधी हा बॅनर उतरव. का म्हणजे? उतरव म्हटलं ना. घडी घालू नको, चेहऱ्यावर घडी पडेल, गुंडाळ. काका, तुम्ही उठा आता, जावई शोधायलेत तुम्हाला. ग्लास ठेवा तिथंच. नाही, आता कुणाला काही देणार नाही मी. नाचणीची संपली, काका. उठा.